लेकराला सोडून शिव्या

म्या रेखाच्या झिंज्या धरून तिला रिंगभर फरफटत होते, आन् पहिल्या रांगेतल्या म्हातारीनं माझ्याकडं बघून कडाकडा बोटं मोडली.

"कैदाशिणी, तुझ्या पोटचं तुला लाभायचं न्हाय."

माझ्या हातातनं झिंज्याच सुटल्या.

तुमाला सांगते, हे आमचं काम हाय. जत्रा-जत्रंत आमची कंपनी टीव्हीतल्यावानी कुस्ती दाखवती. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतंय. रेखा चांगली, म्या व्हिलन. काळं लुगडं, तोंडभर काजळ, नाव 'कवटाळीण'. व्हिलननं पब्लिकला राग आणायचा, त्याला आमचे सर, म्हंजी कंपनीचे मालक, हीट म्हणत्यात. जेवढ्या शिव्या, तेवढी हीट. मग रेखानं मला आपटायचं, पब्लिक खूश. पर लेकरावर शिवी आजवर कुणी दिली नव्हती, आन् माझी चिमी सकाळधरनं अंगावर पीत नव्हती. पडद्यामागं माझ्या आईजवळ होती. म्या लई भ्याले.

फाइटमधी बोलायचं असंल तर दुसरीची मान काखंत धरायची, मग तोंडं दिसत न्हायती. म्या रेखाची मान धरली.

"रेखे, म्हातारीनं चिमीला शाप दिला गं."

"मान सैल सोड, जीव चाललाय माझा. तुझा खेळ चांगला झाला म्हणून दिला."

"शाप तर शापच की."

सर रिंगच्या कडंला आलते. सोनारीच्या जत्रा कमिटीनं पहिल्यांदाच बोलावलंय, फाइट फसली तर समद्यांच्या पोटावर पाय, असं दातओठ खात सांगत होते. पर माझं रडू थांबंना. काजळ गळ्यापतूर आलं. म्या रेखाला सोडलं, दोरीपशी गेले, हात जोडले.

"आजी, मला काय बी म्हणा. लेकरू अंगावरचं हाय, तेवढं सोडा."

म्हातारी उठून हुबी ऱ्हायली. "तुला लेकरू हाय व्हय? आधी सांगायचं न्हाय का, बये?"

तिनं भज्याच्या गाड्यावरनं मीठ-मिरच्या मागवल्या, पंचाचा खांदा धरून रिंगमधी चढली आन् चिमीला आणायला लावलं. तिथंच दृष्ट काढली. मिरच्या भज्याच्या भट्टीत टाकल्या. दृष्ट जबर असली की मिरच्यांचा ठसका लागत न्हाय, म्हणून समदी जत्रा नाक वर करून बसली. कुणीच खोकलं न्हाय. सरांना ठसका आलता, त्यांनी रुमालात दाबला. बाया म्हणल्या, बघा, लईच लागली होती.

रेखानं तिच्या ओढणीचा आडोसा धरला, म्या रिंगच्या कोपऱ्यात चिमीला पदराखाली घेतलं. पोरगी घटाघटा प्याली. माझा जीव भांड्यात पडला. मग म्हातारी तिला मांडीवर घेऊन आपल्या जागंवर जाऊन बसली.

"लेकराचं मिटलं," ती म्हणाली. "पर त्या गरीब पोरीला तू छळलंस, ते न्हाय मिटलं. लेकराला सोडून, तुझं वाटोळं हुईल."

मागनं समदी जत्रा तसंच म्हणाया लागली. आधी 'लेकराला सोडून', मग शिवी. असली हीट म्या कधी बघितली न्हाय. रेखानं मला असं आपटलं की फळ्या हालल्या, आन् चिमी म्हातारीच्या मांडीवर टाळ्या वाजवीत होती.

कमिटीनं पुढच्या साली परत बोलावलंय. म्हणत्यात, दृष्टीचा खेळ बी ठिवा.

ह्या धंद्यात मार खाया शिकवत्यात, शिव्या खाया कुणी शिकवत न्हाय. म्या एवढंच सांगते, घरी लेकरू असंल तर पब्लिकला आधी सांगावं. मग खुशाल वाईट वागावं.