मऊ जागेची माती

सगळे त्याला मातीवाला म्हणत. अकरा वर्षं तो शेताशेतातून मातीचे नमुने गोळा करून प्रयोगशाळेत पोचवत होता. नियम तोंडपाठ: रानातून नागमोडी चालायचं, आठ ठिकाणी वीतभर खणायचं, माती एकत्र कालवायची, मग पिशवी भरायची. पण त्या दुपारी गावातल्या एका काकूंचं रान असं कडक, की फावडं टणकन उडायचं. वर साहेबांना संध्याकाळच्या आत चाळीस पिशव्या हव्या. बांधालगत एके जागी माती लोण्यासारखी लागली. त्याने तिथेच पिशवी भरली. इथेच मऊ का, एवढं विचारायचीही तसदी घेतली नाही.

तिथे कैक वर्षं काकूंचा उकिरडा होता.

अहवाल आला: नत्र भरपूर, कर्ब भरपूर. काकूंनी कागद आरशाशेजारी डकवला आणि त्या वर्षीचं सगळं शेणखत जावेला देऊन टाकलं.

आता काकूंचा मका गुडघ्याशीच अडला होता. खालची पानं टोकापासून मधल्या शिरेलगत पिवळी. मातीवाल्याने ओळखलं, ही नत्राची उपासमार. चार दिवस तो लांबच्या वाटेने गेला. पाचव्या दिवशी कळलं, काकू उरलेला तुकडाही खत न घालता पेरणार आहेत. मग मात्र पाय काकूंच्या घराकडे वळले.

"बरा आलास," काकू म्हणाल्या. "माती एवढी चांगली, नि पीक हे असं! जाऊ म्हणते, माझ्या हाताला गुणच राहिला नाही."

"हाताचा दोष नाही, काकू. मी... ती माती उकिरड्याच्या जागेची भरली होती."

"आणि बाकीचं रान?"

"तिकडे गेलोच नाही. ऊन फार..."

"ऊन काय तुझ्या एकट्याच्या डोक्यावर होतं, मेल्या? इथे मी माझ्या हातांना शिव्या घालत बसले!"

काकूंनी कागद भिंतीवरून उचकटला.

"पेरणी थांबवते. खत काही परत यायचं नाही, जावेने कधीच पसरलं ते. पण खरं सांग, त्या दिवशी मऊ जागा आणखी कुठे कुठे शोधल्यास?"

"तुमच्यानंतरची सगळीच रानं, काकू. एकोणीस."

काकूंनी चपला पायात सरकवल्या.

"चल. पहिलं दार कोणाचं? तोंड तू उघडायचंस. मी नुसती उभी राहणार."