घरचा कापूस

"डॉक्टरसाहेब, भाकरीत विष हाय. खाऊन बघा." गंगाधररावांनी डबा माझ्यापुढं सरकवला. मी तुकडा मोडून खाल्ला. "तुमच्यासाठी न्हाईच ते," ते शांतपणे म्हणाले. झालं, माझी सगळी विद्या तिथंच संपली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी जालन्यात मानसोपचाराची प्रॅक्टिस करायचो. गंगाधरराव परतूरच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर. कापूस चिमटीत ओढून धागा, ओल, कचरा बघायचा आणि प्रत ठरवायची, हे त्यांचं काम. पण बायको, सुमनबाई, आपल्याला विष घालते हे डोक्यात पक्कं बसलेलं. कसलाही पुरावा दिला तरी न हलणाऱ्या अशा समजुतीला आम्ही डिल्युजन म्हणतो. महिनाभर ते केळ्यांवर जगत होते. गोळ्या सुमनबाई देतात, म्हणून थुंकून टाकायचे. शेवटी बाईंचे भाऊ त्यांना कायमचं माहेरी न्यायला आले होते. ते आणि सुमनबाई बाहेर बाकावर बसलेले.

मी वाद घालणं सोडलं. नाव-गाव न सांगता दुसऱ्या एका पेशंटची गोष्ट काढली. रेडिओच्या बातम्यांतून आपल्यालाच धमक्या देतात, असं त्याला वाटायचं.

गंगाधरराव चक्क हसले. तो आजारी हाय, म्हणाले, त्याला गोळ्या द्या. कशावरून, मी विचारलं. तर म्हणे, धमक्या त्याला एकट्यालाच ऐकू येतात, आणि घरचे सांगतात ते बिलकुल ऐकत न्हाई.

"मग तुमचं काय?"

ते बोटं नुसती चोळत राहिले. आता उठून जातात की काय, अशी मला धास्ती.

"साहेब, घरचा कापूस मी ग्रेड करत न्हाई," ते म्हणाले. "आपला माल आपल्याला बराबर दिसत न्हाई. दुसऱ्या ग्रेडरला बोलावतो. त्यानं कमी प्रत दिली तरी मानतो." मग म्हणाले, "मला अजून विषच वाटून राह्यलंय. पण हा घरचा माल हाय. तुम्ही ग्रेड करा."

मी म्हणालो, "आजार आहे."

त्यांनी सुमनबाईंना आत बोलावलं. त्यांच्या हातून गोळी घेतली, पाणी प्यायले. विष आहे असं वाटत असताना प्यायले हो ते! असला धीर मी पुन्हा पाहिला नाही.

सुमनबाईंनी भावांना तसंच परत पाठवलं.

आपण आजारी असू शकतो या जाणिवेला आम्ही इनसाइट म्हणतो. गंगाधररावांची शंका काही महिन्यांनी ओसरली. पुढं कधी परतलीच, तर ते पहिल्या गाडीनं येऊन म्हणायचे, "साहेब, घरचा माल आणलाय."

वाद घालून मी आजवर एकही डिल्युजन काढलेलं नाही. आणि तेव्हापासून माझं ब्लडप्रेशर मी स्वतः तपासत नाही.