डाळिंबाच्या सालीचे पोपट

“हातवर मेंदी लाई द्या. मंग कोन्हले काय समजी?”

फुई स्वयंपाकघरात म्हणाली. मी मागच्या पडवीत ओल्या सुताच्या लड्या झटकत होते. फुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, आणि घरातला शेवटचा शब्द. दुसऱ्या दिवशी तापीपलीकडून, रनाळ्याहून, मला बघायला माणसं येणार होती आणि माझे हात बघण्यासारखे राहिले नव्हते. नखांच्या कडा गंजाने तांबूस, तळव्यांवर राखाडी डाग.

“पोर लगीननी, अन् हात लोहारना,” ती पुढे म्हणाली. माय हसली.

लढाईची वर्षं होती. बाजारात विलायती रंगाच्या पुड्या मिळेनाशा झाल्या होत्या. सुरतेच्या इंग्रजी शाळेत, वसतिगृहात राहून मी शिकले आणि लोणखेड्याला परतले. शाळेत क्रोशाचं विणकाम शिकवत. दोरा तयार मिळे, पांढराशुभ्र, आणि त्याचे कपाखाली ठेवायचे रुमाल करून घेत. आमच्या घरी चहा पितळी पेल्यातून पीत आणि पेला ओट्यावर ठेवत. ते रुमाल कशाखाली घालायचे ते मला कधी कळलं नाही. मला पोपट विणायचे होते, दारावरच्या तोरणासाठी, आणि पोपटाला हिरवा रंग लागतो.

तो कुठे मिळेना, म्हणून मी तो करायला बसले.

डाळिंबाची सालं उकळून पिवळा निघाला. केवळ पिवळा, आमच्या शेतातल्या वाळत्या कडब्यासारखा. मग एका मडक्यात गुळाचं पाणी आणि गाडीचे जुने खिळे घालून ते गोठ्याच्या कोपऱ्यात आंबत ठेवलं. त्या पाण्याला असा वास सुटला की फुईने म्हशीलाच बोल लावला. त्या पाण्याचे थोडे थेंब पिवळ्यात पडले की सूत हिरवं होतं, हे मला कोणी सांगितलं नाही. पहिल्यांदा मी धीर न धरता तांब्याच उपडा केला आणि अख्खी लडी काळीठिक्कर झाली.

“लगीनना घरमा काळं सूत?” फुई म्हणाली. “चुल्हामा टाक.”

मी ती लडी चुलीत टाकली नाही. ट्रंकेत, शाळेच्या फ्रॉकांखाली ठेवली. पुढे त्याच काळ्या सुताने मी प्रत्येक पोपटाचा डोळा केला आणि गळ्याभोवतीचा गोफ.

हिरवा जमला तो बाजारातला झगझगीत हिरवा नव्हता. बाभळीच्या जुन्या पाल्यासारखा, थोडा धुळकट. फुईने तोरण हातात धरून लांबून पाहिलं.

“पोपट शेतस का वाळेल भेंडा?”

वाळलेल्या भेंडीची उपमा ऐकून मी तोरण परत घेतलं. मी घरात फारसं बोलतच नसे. सगळे अहिराणी बोलत आणि माझ्या तोंडून पुस्तकातली मराठी निघे. “मडम बोलनी व माय,” असं कोणीतरी म्हणे, बाकीचे हसत. इतकी वर्षं वसतिगृहात काढल्यावर जीभ आखडते. सुताशी बोलावं लागत नाही, एवढ्यासाठीही मला ते काम आवडत असेल. पण एवढ्यासाठीच नाही. काल पिवळं होतं ते आज माझ्या हाताने हिरवं झालं, याची मला चटक लागली होती आणि ती सोडायची माझी तयारी नव्हती.

फुईचा राग पोपटांवर नव्हता. तोरण विणणं ठीक, ते चांगल्या घरच्या मुली करतात. रंग देणं हे रंगाऱ्याचं काम. “पाटीलनी पोर रंगारीनं काम करस, हाई रनाळामा समजनं तर?” असं ती मायला विचारायची, मी समोर असले तरी. शेवटी तिने तोड काढली. तोरण दारावर लावायचं, कारण ते दिसायला मानाचं. विचारलं तर, “सुरतनं सूत शे, असं सांगजो.” आणि हातांवर मेंदी.

ऐकायला एवढंसं होतं. पण सूत सुरतेचं ठरलं की ज्या घरी मी जाणार तिथे मडकं मांडायची सोय उरणार नव्हती. तिथे मी विकतच्या दोऱ्याचे रुमाल विणत म्हातारी झाले असते.

संध्याकाळी मायने मेंदी भिजवली. मला माहीत होतं की लोखंडाचं पाणी आणि मेंदी एकत्र आली की काय होतं. एका चिंधीवर मी ते करून पाहिलं होतं. हात सकाळीच त्या पाण्यात होते. मी ते मायला न सांगता दोन्ही हात पुढे केले. मायने बोटांच्या टोकांना टोप्या काढल्या, तळव्यावर चांद काढला, मन लावून. सकाळी मेंदी उतरवली तेव्हा टोप्या काळ्या, चांद काळा. फुई बघतच राहिली. मी हात धुतले आणि पाणी भरायला गेले.

दुपारी माणसं आली. मुलाची आई आणि त्याचा मामा. बाई शांत होत्या, डोळे मात्र सगळीकडे फिरत होते. दारातच थांबून त्यांनी एक पोपट उलटा करून टाके पाहिले.

“सूत कथानं शे?”

“सुरतनं,” फुई म्हणाली. “पोर तठेच शिकनी ना.”

मी चहा घेऊन गेले. बाईंनी कुंकू लावलं, ओटीत घालायला नारळ घेतला आणि माझ्या हातांकडे पाहून थबकल्या.

“मेंदी इतली काळी कशी व?”

मग मामा म्हणाला, “मेंदी जितली रंगस तितली सासू मया करस. आक्का, तुन्ही आते सुटका नही.”

सगळे हसले. फुई सर्वांत जास्त. बाईही हसल्या, आणि हसताना चांगल्या दिसल्या. त्यांनी नारळ माझ्या ओंजळीत ठेवला.

“तोरण मले आवडनं,” त्या म्हणाल्या. “तू काळजी करू नको, बेटा. आम्ही बी तुले सुरतथीनच सूत मांगाडी देसूत.”

त्या मनापासून म्हणाल्या, तेच अवघड होतं. फुईने मान डोलावली. मायने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच जमिनीकडे. मी आत निघून गेले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. माझ्याजवळ उत्तर इंग्रजीत तयार होतं, मराठीतही होतं, पण त्या खोलीत दोन्ही परकी वाटली असती. मी नारळ खाली ठेवला, काळे हात बाईंसमोर उघडे धरले आणि वसतिगृहात जायच्या आधी बोलायचे तशी बोलले.

“सूत सुरतनं नही, मावशी. हाऊ रंग मी करेल शे. लगीन व्हयनं तरी बी करसू.”