वर आलेला अंगठा

प्लंबरकाका त्या प्रार्थनाघरात पहिल्यांदा गेले ते देवाच्या ओढीने नव्हे, गळतीच्या तक्रारीवरून. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी फर्निचरच्या दुकानावरचा हॉल भाड्याने घेतला होता आणि मागच्या खोलीत बाप्तिस्म्यासाठी टाइल्स लावलेला हौद बांधून घेतला होता. माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहील इतका खोल. तो हौद झिरपायचा आणि खालच्या नव्याकोऱ्या सोफ्यांवर थेंब पडायचे. दुकानदाराने बोंब ठोकली तेव्हा काकांना बोलावणं आलं. काका पाना, टेप आणि पिशवीभर वायसर घेऊन गेले, आणि पुढचं सगळ्या इमारतीला तोंडपाठ आहे. गळती काढायला गेलेला माणूस त्याच पाण्यात बुडून बाहेर आला.

एका खेपेत नाही हं. ती गळतीही चिवट होती आणि काकाही. पण झालं असं, की आयुष्यभर लोकांनी काकांना 'आलात का एकदाचे? लवकर आटपा, पाहुणे यायचेत' याच सुरात घरात घेतलं होतं. इथे पहिल्याच दिवशी एक माणूस बाह्या सरसावून त्यांच्या शेजारी फरशी पुसायला बसला. काकांना वाटलं सफाईवाला असेल. निघाला तिथला शाखाध्यक्ष. त्यांच्यात पगारी पाद्री नसतो, आपापली नोकरी सांभाळून ज्याने त्याने देवाचं काम करायचं. हा गृहस्थ आठवडाभर लोकांना मोटार चालवायला शिकवायचा, म्हणून तो ड्रायव्हिंगमास्तर. प्रार्थना म्हणतानासुद्धा त्याचा उजवा पाय ब्रेक शोधायचा. त्याने काकांना 'बंधू' म्हटलं, बसायला खुर्ची दिली, आणि पान्याची पिशवी स्वतः उचलून खाली आणून दिली. काका विरघळले.

"पिशवी उचलली म्हणून धर्म बदलताय?" काकूंनी विचारलं. "मी इतकी वर्षं उचलतेय, मला काय देणार?"

"तुला कळायचं नाही ते," काका म्हणाले.

हे वाक्य काकांचं आवडतं. संसारातल्या निम्म्या गोष्टी त्यांनी याच वाक्यावर मिटवल्या होत्या.

पण बाप्तिस्म्याच्या दिवशी काकू गेल्या. ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेतल्या घडीच्या खुर्चीवर बसल्या. काका नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत हौदात उतरले, मागोमाग ड्रायव्हिंगमास्तर. त्या लोकांचा नियम कडक असतो. माणूस एकाच वेळी सगळाच्या सगळा पाण्याखाली जायला हवा. दोन साक्षीदार काठावर उभे राहून बघतात. केसाची बट जरी वर राहिली तरी पुन्हा पहिल्यापासून. आता काका म्हणजे लोखंडी पाइप, मागे वाकायचं त्यांच्या अंगातच नाही. मास्तरने त्यांना पाठीवर झोपवलं तसं डोकं खाली गेलं आणि दुसऱ्या टोकाला उजव्या पायाचा अंगठा पाण्याबाहेर आला. नुसता आला नाही, चांगला ताठ उभा राहिला. साक्षीदारांनी माना हलवल्या. सगळीकडे चिडीचूप. आणि त्या शांततेत काकू हसल्या. आधी तोंडावर हात धरून, मग हात सोडून, मग डोळ्यांना पाणी येईस्तोवर.

काकांना पुन्हा बुडवलं. या वेळी अंगठा खाली राहिला, पण काकांचा चेहरा घरी येईपर्यंत वर आला नाही.

"चारचौघांत माझं हसं केलंस."

"अहो, तुम्ही बघितला असतात ना, तर तुम्हीपण..."

"तू परत तिथे येऊ नकोस."

"बरं," काकू म्हणाल्या.

काका हे वाक्य बोलले आणि विसरून गेले. चिडलेल्या माणसाचं असंच असतं, तो थुंकून पुढे जातो. काकू मात्र त्या दिवसापासून त्या जिन्याची पायरी चढल्या नाहीत. पुढे काकांच्या लक्षात एवढंच राहिलं, की बायको येत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे सगळे उपाशीपोटी जमतात आणि ज्याला वाटेल तो उभा राहून आपली श्रद्धा बोलून दाखवतो. काका उठायचे, घसा साफ करायचे आणि म्हणायचे, "माझ्या पत्नीचं मन अजून वळलेलं नाही. तिच्यासाठी प्रार्थना करा." बंधुभगिनी हळहळायचे. घरी काकू त्यांचं ताट झाकून वाट बघत असायच्या.

नव्या धर्मात दारू, तंबाखू, चहा, कॉफी बंद. तंबाखू सुटली तेव्हा काकूंनी देवाचे आभार मानले, कोणत्या ते विचारायच्या भानगडीत पडल्या नाहीत. पण चहा? त्या घरात बोलणं असं जे काही व्हायचं ते दुपारच्या चहाला. सकाळी काका घाईत, संध्याकाळी दमलेले. दुपारी कामावरून तासभर येऊन स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी समोरासमोर बसायचं, बशीत ओतायचं, आणि मुलीच्या शाळेपासून कुणाच्या मोरीत काय अडकलं इथपर्यंत सगळं काढायचं. काकांनी चहा सोडला, आणि टेबलही सोडलं. उठून जा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, मास्तरनेही नाही आणि ग्रंथानेही नाही. पण आधण उकळलं की वासाने जीव कासावीस व्हायचा. मग काका पिशवी उचलायचे, कुठलातरी नळ बघून येतो म्हणायचे, आणि वास जाईपर्यंत बाहेर राहायचे.

"गरम पाणी घेऊन बसा ना," काकू सुरुवातीला म्हणायच्या.

"तुला कळायचं नाही ते."

मग त्या समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईला हाक मारू लागल्या. या बाईंना सगळी इमारत 'ठळक बातम्या' म्हणते. कुणाच्या घरात काय शिजतंय हे गॅस पेटवायच्या आधी त्यांना कळतं. काकांची रिकामी खुर्ची त्यांनी अशी काही बळकावली की तिची गादीसुद्धा त्यांच्या मापाची झाली.

काकूंना धर्मात आणायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. गळ्यात टाय, छातीवर नावाची पाटी अशी मिशनरी पोरांची जोडगोळी येऊन गेली. काकूंनी त्यांना पाणी दिलं, आईला फोन केलास का म्हणून विचारलं, आणि जाताना एकाच्या शर्टाचं तुटलेलं बटण शिवून दिलं. मग भगिनींचं मंडळ केक घेऊन आलं. मग मास्तर स्वतः आला. दर वेळी काकूंचं उत्तर एकच, "नको बाबा, माझं आहे ते बरं आहे." आणि दर वेळी काका मोरीत किंवा गच्चीत टाकीपाशी काहीतरी आवळत बसलेले.

वर्षं गेली. मुलगी लग्न करून लांबच्या शहरात गेली. काका पुढे त्याच हौदाचे अधिकृत रखवालदार झाले, म्हणजे बाप्तिस्मा असला की आदल्या दिवशी हौद भरून पाणी कोमट ठेवायचं. "देवाकडे गेले तरी नळच," काकू हसून म्हणायच्या.

मग एका सकाळी काकू चक्कर येऊन पडल्या आणि हॉस्पिटलातून परत आल्या नाहीत. शाखेच्या लोकांनी कसली म्हणून कसूर केली नाही. घर झाडलं, डबे आणले, येणाऱ्याजाणाऱ्यांना खुर्च्या मांडल्या. मास्तर दिवसभर काकांच्या शेजारी बसून राहिला.

वर्ष उलटलं तसा तो एका दुपारी आला.

"बंधू, पुढच्या महिन्यात आपली बस मंदिराला निघतेय. तुमच्या मनात असेल तर काकूंचं नाव देता येईल."

काकांना माहीत होतं ते, पण त्यांनी पुन्हा समजून घेतलं. त्या लोकांचं खास विधींसाठी दूरच्या गावी एक मंदिर असतं, आणि तिथे मेलेल्या माणसाच्या नावाने जिवंत माणूस बाप्तिस्मा घेतो. कोणीतरी भगिनी काकूंसाठी पाण्याखाली जाईल. मग नवराबायकोला कायमचं बांधणारा विधी होईल, मरणाच्या पलीकडेही न सुटणारा.

"आणि तिला नको असलं तर?"

"तिकडे ती हो म्हणू शकते, नाहीही म्हणू शकते. जबरदस्ती नसते, बंधू. आपण फक्त दार उघडायचं. पण नाव द्यायचं का नाही, ते तुमच्यावर आहे."

काकांच्या छातीत कितीतरी दिवसांनी ऊब आली. कायमचं! त्यांनी त्याच संध्याकाळी मुलीला फोन लावला.

"बाबा, आई नाही म्हणाली होती," मुलगी म्हणाली. "एकदा नाही, दर वेळी. जिवंतपणी जिचं मन वळलं नाही तिला मेल्यावर बुडवणार का तुम्ही?"

"तुला कळायचं नाही ते," काकांच्या तोंडून निघालं. पलीकडे फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी ठळक बातम्यांचा नळ ठिबकायला लागला. आता तो खरंच ठिबकत होता की त्यांना मास्तर कशाला आला होता ते हवं होतं, हे ज्याचं त्याने ठरवावं. काका ओट्याशी वाकून वायसर बदलत होते आणि बाई पाठीमागे उभ्या होत्या.

"मग भाऊजी, वहिनींना बुडवताय म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"भिंती पातळ आहेत हो. बरं झालं पण. फक्त जी कोणी त्यांच्या नावाने उतरेल तिला सांगा, अंगठा खाली ठेव म्हणावं." आणि बाई हसल्या.

काकांनी पाना थांबवला. "ती सांगायची तुम्हाला? अंगठ्याचं?"

"सांगायची? अहो, चहाबरोबर तेच खायचं आमच्याकडे! इतक्या प्रेमाने सांगायच्या. 'हे पाण्याखाली, आणि अंगठा वर उभा, जसा काही तोच साक्ष द्यायला आलाय.' एकदा म्हणाल्या, 'माझं काय होईल गं? माझे केस किती, सगळे एका वेळी खाली जायचे नाहीत. या वयात दोनदोनदा कोण बुडणार?'"

"म्हणजे..." काका उभे राहिले. "ती विचार करत होती?"

"करत होत्या की. मी म्हटलं, मग जा ना. तर म्हणाल्या, 'ह्यांनीच येऊ नको म्हणून सांगितलंय. ती पोरं विचारतात, बायका विचारतात, तो मोटारवाला विचारतो. ह्यांनी एकदा समोर बसून विचारू दे, मग बघते.'" बाईंना आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. त्यांनी घाईघाईने नळ सोडून पाहिला. "थांबला हो. छान झालं."

काका पाना पिशवीत टाकून घरी आले. ते आपल्या स्वयंपाकघरात उभे राहिले. तिथला एकूण एक पाइप त्यांनी स्वतः घातलेला, डोळे मिटून व्हॉल्व्ह सापडला असता. चहाचा डबा मात्र सापडेना. शेवटी दारात जाऊन त्यांनी समोर हाक मारली.

"वरच्या फळीवर, डाव्या हाताला!" आतूनच उत्तर आलं.

त्यांनी एक कप चहा केला. वास आला, पण पिशवी उचलली नाही. चहा काकूंच्या जागेपुढे ठेवला, स्वतःसाठी नुसतं गरम पाणी घेतलं आणि बसले. खुर्ची ओळखीची वाटेना. घसा साफ केला. रविवारी शंभर माणसांपुढे खणखणीत बोलणारे काका, त्यांना एका रिकाम्या खुर्चीपुढे शब्द फुटेना.

"अगं," ते म्हणाले. "येतेस का?"

घरात आवाज म्हणून नव्हता. प्लंबरच्या घरचा नळ, तोही ठिबकत नव्हता. चहावर साय धरली.

रविवारी मास्तरने त्यांना जिन्यातच गाठलं.

"मग बंधू, नाव देऊ?"

"अजून नको."

"का? काही शंका आहे?"

"शंका नाही. विचारतोय."

"कोणाला, मुलीला?"

"तिलाच. आजवर विचारलं नव्हतं."

मास्तरच्या तोंडाशी पुष्कळ काही आलं असणार, समजावणं हा त्याचा धंदाच. पण त्याने फक्त काकांच्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या महिन्यात बस गेली. काकांनी सगळ्यांच्या पिशव्या वर चढवून दिल्या आणि बस वळेपर्यंत रस्त्यावर उभे राहिले. वळली तसा त्यांचा हात नकळत वर गेला, जसं काही थांबवायचं होतं.

आता रोज दुपारी काका चहा करतात. पहिले काही दिवस तो मोरीत ओतला गेला. मग ठळक बातम्यांना राहवलं नाही.

"भाऊजी, चांगला चहा असा गटारात घालवताय? बघवत नाही हो." आणि त्या आत येऊन बसल्या. काकूंच्या खुर्चीवर नाही, तेवढी समज त्यांना आहे. स्टूल ओढलं.

काकांनी गरम पाण्याचा पेला हातात धरला. "वहिनी, अजून काय काय बोलायची ती?"

बाईंना एवढंच हवं होतं. त्या सुरू झाल्या. काकू असं म्हणाल्या, तसं म्हणाल्या, एकदा तर तुमची नक्कल केली होती भाऊजी, 'तुला कळायचं नाही ते', अगदी तुमच्या आवाजात. काका हसले, आणि हसताना त्यांचे डोळे भरले. यातलं अर्धं बाईंनी पदरचं घातलंय हे त्यांना कळत होतं. पण अर्धं कुठलं, हे सांगायला आपल्या बायकोची माहिती हवी, आणि ती सगळी समोरच्या बिऱ्हाडात जाऊन बसलेली.

"मग?" काका म्हणाले. "मग काय म्हणाली?"

बाईंनी कप पुढे केला. "अजून अर्धा घाला, सांगते."

काकांनी उठून पुन्हा आधण ठेवलं.