हौदावरचं शेवाळ

सोपानतात्यांचा बैल छावणीतल्या हौदापाशी घसरून पडला, असं आमच्या गावात आजही सांगतात. ते सगळ्यांना मीच सांगितलं होतं. बैल घसरला नव्हता. हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही, बायकोपाशीही नाही. आता पन्नाशी उलटली, तात्या जाऊनही बरीच वर्षं झाली. त्यांच्याविषयी लिहायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी, नाहीतर पुढचं सगळं उगाच गोड होऊन बसेल.

तेव्हा मी गावच्या सोसायटीत कारकून होतो. पाऊस लागोपाठ हुकला होता आणि सोसायटीनं नांदूरघाटच्या रस्त्याला, माळावर चारा छावणी उघडली होती. सकाळी जनावरांना उसाच्या शेंड्यांचं वाढं तोलून द्यायचं आणि टँकर आला की हौद भरून घ्यायचा, हे माझं काम. माणसं जनावरांबरोबर तिथंच राहायची. रानात काही उरलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाला कसला ना कसला नाद लागलेला. कुणी मातीत वाघबकरीचा पट आखून बसे, कुणी दिवसभर दोर वळी. एकजण रेडिओ उघडून पुन्हा जोडायचा आणि दर खेपेला त्याच्या हातात एखादा स्क्रू उरायचा. तात्यांचा नाद निराळा होता. ते आपल्या बैलाला नंदीबैलासारखी मान हलवायला शिकवत होते.

बैलाचं नाव दिवाण. "लई समजतंय त्याला, म्हून दिवाण," असं ते नव्या माणसाला सांगत. मुठीत गुळाचा खडा धरून तात्या प्रश्न विचारायचे. मूठ खाली-वर झाली की दिवाण होकार देई, आडवी फिरली की नकार. अख्खा चैत्र त्यात गेला. ऊन कललं की बायापोरं जमायची.

"दिवाण, कारकुनाचं लगीन यंदा हुईल का?" मान आडवी.

"झालं तर बायको पळून जाईल का?" मान खाली-वर.

माळभर हशा. त्या उन्हाळ्यात हसण्यासारखं तेवढंच होतं.

एकदा शेजारच्या दावणीची गयाबाई म्हणाली, "तात्या, पावसाचं इचारा की वो त्याला."

तात्यांनी गूळ खिशात टाकला. "न्हाई. मान माज्या हातानं हालती, गया. येईल म्हून वदवून घेतलं अन् न्हाई आला तर? जनावराला खोटं बोलाया कावून शिकवू?"

"मग कारकुनाच्या लग्नाचं?"

"ते खोटं हाय व्हय?"

तात्यांचं बोलणं हे असं. "उन्हाळा म्हंजी घरजावई. बसला की उठायचं नाव न्हाई." रोजचं वाढं दिवाण हुंगून सोडून देई, तेव्हा म्हणायचे, "खा बाबा. आमी बी तेच तेच बोलतो, तू बी तेच तेच खा." सगळ्यांना हसवताना स्वतः कधी हसले नाहीत. माणसं पांगली की आभाळाकडे बघत बसायचे. त्या बघण्यात आशा नसायची. घरातलं माणूस गेल्यावर त्याच्या रिकाम्या बाजेकडे बघावं, तसं ते बघणं.

दिवाणच्या जोडीदाराला आदल्या वर्षीच बाजार दाखवून झाला होता. उरलेल्या एका बैलावर तात्यांनी भावकीतल्या एकाशी सावड ठरवली होती. त्याच्याकडेही एकच बैल. दोघांचे बैल एका औताला जुंपायचे आणि दोन्ही रानं आळीपाळीनं करायची. तात्यांचा मुलगा अंकुश दरसाल बायकोला घेऊन ऊसतोडीला जाई. सावड जमली तर यंदा जाणार नाही, असा त्यानं बापाला शब्द दिला होता. "दिवाण पावसाला पोचला की माजा अंकुश घरी," तात्या म्हणत. एवढ्यासाठी ते त्या माळावर होरपळत बसले होते.

वैशाखात त्यांच्या डोळ्यांतून सारखं पाणी यायला लागलं. अंबाजोगाईला दाखवून या म्हणून मीच मागं लागलो. दिवाणकडे मी बघतो म्हणालो. हो-नाही करत निघाले, आणि निघताना गुळाचा खडा माझ्या तळहातावर ठेवला. "वढायचं न्हाई त्याला. हाक मारायची अन् गूळ दावायचा. कुठं बी येतंय मागं."

त्याच दुपारी सोसायटीचे चेअरमन आले. त्यांना सगळे अप्पा म्हणत. पलीकडच्या गावातली छावणीही तेच चालवायचे. तिथं कागदावर दाखवलेली जनावरं दावणीला नव्हती, आणि तपासणीचा साहेब निघाला होता. अप्पा म्हणाले, "चार-सहा जनावरं टाक टेंपोत. गरीब बघून घे बे, लाथा झाडनारी नगंत. साहेब गेला की परत."

आमच्या छावणीतली बरीच माणसं लग्नाच्या जेवणाला गेली होती. उरलेली झोपली होती. मला नाही म्हणता आलं असतं. फार तर नोकरी गेली असती. मी नाही म्हणालो नाही. सगळ्यांत गरीब कोण हे मला ठाऊक होतं. मी हाक मारली, गूळ दाखवला, आणि दिवाण माझ्या मागोमाग फळीवरून टेंपोत चढला.

तिकडच्या छावणीत उतरवताना घाई झाली. फळी सरकली. दिवाणचा पुढचा पाय फटीत अडकला आणि मोडला. तो आवाज कसा होता ते मला लिहिता येणार नाही. माणसं परतायच्या आत आम्ही त्याला तसाच परत आणून हौदाजवळ उतरवला. अप्पा म्हणाले, "घसरला म्हन. शेवाळ हायच हितं."

दिवस मावळायच्या सुमाराला तात्या डोळ्यांचं औषध घेऊन परतले. तोवर जनावरांचा डॉक्टर येऊन मान हलवून गेला होता. तात्या दिवाणजवळ खाली बसले.

"कसं झालं रं, कारकून?"

"हौदापाशी घसरला, तात्या. शेवाळ होतं."

त्यांनी दोन्ही हात त्याच्या मानेवर ठेवले. हातात गूळ नव्हता, हात हललाही नाही. "दिवाण, घसरलास व्हय रं?"

दिवाणनं मान आडवी हलवली.

माशी बसली असेल. कळ आली असेल. तात्यांनी त्याच्या कपाळाला कपाळ टेकवलं. "न्हाई म्हनतंय. रुसलंय माज्यावर. टाकून गेलतो ना मी."

दिवाण त्याच आठवड्यात गेला. जनावर नाही म्हटल्यावर तात्यांचं छावणीत काही काम उरलं नव्हतं. तरी ते रोज सकाळी यायचे, हौदापाशी उकिडवे बसायचे आणि विटेच्या तुकड्यानं शेवाळ घासायचे. "दुसऱ्या कुनाचं घसराया नगं." मी वाढं तोलत असे आणि ती खरखर कानावर येत असे. एकदा मला राहवलं नाही. "तात्या, ऱ्हाऊ द्या आता," म्हणालो.

त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "कावून? तुला काय तरास हाय त्याचा?"

मी वाढं तोलायला परत गेलो.

पुढं पाऊस आला, पण सावड मोडली ती मोडलीच. दसरा झाल्यावर अंकुश बायकोला घेऊन टोळीबरोबर निघून गेला. तात्यांनी हिवाळ्यात अंथरूण धरलं, तेव्हा मी भेटायला गेलो. त्यांनी माझा हात धरला. "तू हुतास म्हून त्याच्या तोंडाला पानी तरी लागलं, कारकून. मी नव्हतो." सांगायचं असतं तर ती वेळ होती. मी त्यांच्या अंगावरची वाकळ नीट केली आणि बाहेर आलो. दोन-चार दिवसांत ते गेले. अंकुश कारखान्यावरून पोचला तेव्हा बापाचं तोंड झाकलेलं होतं.

अंकुश अजूनही तोडीला जातो. उन्हाळ्यात गावी असतो. दिसला की चार माणसांत वाकून "रामराम दादा" म्हणतो, कारण बापाच्या बैलापाशी शेवटी मी होतो, असं त्याला बापानंच सांगून ठेवलं आहे. आत्ताही तो गावातच आहे. त्याचं घर माझ्या ओट्यावरून दिसतं. दिवाण घसरला नव्हता, त्याला मी नेला होता, हे त्याच्या दारात उभं राहून त्याला सांगणं माझ्याकडे बाकी आहे.