शिंजिराच्या पायातला दोरा

वसंता गेल्याचं मला व्हॉट्सअॅपवर कळलं. 'आपले दोरेवाले काका गेले', आणि पुढे जोडलेले हात. अमडापुरात आमची घरं पाठीला पाठ लावून उभी, तरी बातमी मोबाइलवरून आली... कित्येक वर्षांत मी त्याच्या दारात गेलोच नव्हतो. शोकसभेत एका तरुण वक्त्यानं त्या नावाचा अर्थही सांगितला : काकांनी पाखरांशी मायेचा दोरा बांधला होता. लोक हळहळले. ते नाव मायेचं नाही. तो टोमणा होता, आणि तो त्याला माझ्यामुळे चिकटला.

बसस्टँडजवळ वसंताचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट, लग्नं, बारशी. थंडीत मात्र दुकान उशिरा उघडायचं. घरामागच्या अंगणात, जास्वंदीसमोर, तो पोतं पांघरून कॅमेरा घेऊन बसे. पौषातलं ऊन माझ्या गच्चीवरून तिरपं उतरलं की जास्वंदीची पानं मागून उजळत. तेवढ्यात चष्मेवाला, शिंपी, शिंजीर अशी अंगठ्याएवढी पाखरं येऊन जात. मी शाळेचा मुख्याध्यापक; सुट्टी असली की चहा घेऊन त्याच्याजवळ बसायचो. "मास्तर, पाखराचं बरं हाय बे," तो म्हणे. "त्याले 'हनुवटी वर करा' म्हना लागत नाही. अन् फोटो पाहून 'मी एवढा काया काऊन दिसतो' असंही ते इचारत नाही."

एका संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी जास्वंदीवर शिंजीर होता, पंख उघडलेले. वसंतानं फोटो काढला, पुन्हा काढला. पाखरू तरी जागचं हलेना, तेव्हा तो उठला. पायात नायलॉनचा मांजा गुंतला होता. मी घरून कैची आणली. पाखरू मी मुठीत धरलं, त्याची धडधड बोटांना लागत होती. वसंतानं दोरा कापला आणि शिंजीर उडून गेला. दोऱ्याचं दुसरं टोक माझ्या गच्चीवर गेलं होतं. आदल्या दिवशी पुण्याहून आलेल्या माझ्या मुलानं तिथं पतंग उडवला होता. नायलॉनचा मांजा वापरणार नाही, अशी शपथ शाळेत मुलांना दरवर्षी मीच देत असे. मी तो दोरा ओढून, गुंडाळून खिशात घातला. वसंता पाखराकडे पाहत होता, असं मी धरून चाललो.

तो फोटो त्यानं खामगावच्या एका प्रदर्शनात दिला. मी आणि गावातले चारपाच जण त्याच्याबरोबर गेलो होतो. तिरप्या उन्हात दोरा तारेसारखा चमकत होता. बाहेरगावचे परीक्षक सर्वांसमोर म्हणाले, "पाखरू बांधून काढलाय हा फोटो." फोटो भिंतीवरून उतरवला गेला. वसंता माझ्याकडे वळला. "सांग ना बे, मास्तर. तुह्याच मुठीत होतं ना पाखरू?"

दोरा कुठून आला, हा पुढचा प्रश्न मला दिसत होता.

"मी नंतर आलो," मी म्हणालो. "मला काही माहीत नाही."

त्यानं फोटो काखेत घेतला आणि बसस्टँडकडे चालू लागला. गावात तो दोरेवाला झाला. लग्नात लोक विचारत, "काऊन हो दोरेवाले, नवरदेवालेही बांधता का?" तो हसून कॅमेरा डोळ्याला लावी. पाखरांचे फोटो त्यानं पुन्हा काढले नाहीत. हसणारे म्हातारे झाले, काही वारले. पोरांनी नाव तेवढं उचललं आणि त्याला 'काका' जोडलं.

म्हणून लिहितो : वसंतानं पाखरू बांधलं नव्हतं. दोरा माझ्या घरचा होता.

छापण्याआधी हे वसंताच्या बायकोच्या, वहिनींच्या कानावर घालावं म्हणून परवा गेलो. त्या मागच्या दारी ज्वारी निवडत होत्या. मी अडखळत सांगत राहिलो, त्यांचा हात थांबला नाही. शेवटी म्हणाल्या, "त्याइले माहीत होतं, भाऊजी. संक्रांत झाली की बांबू घेऊन झाडावरचे दोरे काढत फिरत. पह्यले तुमच्या गच्चीखालचा निंब, मंग बाकीचं गाव."

निंबाचं मला ठाऊक होतं. त्या दिवसांत मी मागची खिडकी उघडत नसे.

"मी म्हणे, एकदा मास्तरले सांगा तरी," वहिनी म्हणाल्या. "तर म्हणत, त्याले माहीत हाय."

बांबू भिंतीला टेकून उभा होता, टोकाला तारेचा आकडा. मी तो मागितला नाही. त्यांनीही 'घेऊन जा' म्हटलं नाही.