काठापर्यंत हिरवं

“अंधार करा,” असं बाई म्हणायच्या आणि कुणी उठायच्या आत स्वतःच ट्यूबलाइट बंद करायच्या. पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेच्या त्या मुख्य संशोधक होत्या. मी नमुन्यांची नोंदवही सांभाळायचे.

तुमच्याही ऑफिसात असं एक माणूस असेल, ज्याने लिहिलेल्या पाट्या लोक मुद्दाम वाचतात. बाईंची फ्रीजवरची पाटी: ‘येथे डबे ठेवू नयेत. ठेवल्यास खाऊ नयेत.’

कॅन्सरच्या पेशीत एक एन्झाइम कात्रीसारखं जोरात चालतं. “त्या कात्रीनं आपण बनवलेल्या रंगाच्या रेणूची शेपटी कापली, की तो अंधारात हिरवा उजळतो. झालं!” बाईंनी मला एवढंच समजावलं होतं.

पण व्हायचं असं, की बशीत वाढवलेल्या पेशी उजळायच्या आणि रुग्णाकडून आलेला गाठीचा तुकडा काळाच राहायचा. विद्यार्थी कंटाळून सॉफ्टवेअरकडे वळत.

“मॅडम, हिंजवडीत नोकरी लागली.”

“छान. तिथे काय उजळतं?”

“स्क्रीन.”

“चला, काहीतरी उजळतंय.”

एकदा त्या महिनाभर रजेवर होत्या. कोथरूडच्या घराचं रंगकाम असेल, असं मी धरून चालले. परतल्या त्या सकाळी माझ्यापुढे संमतिपत्र ठेवलं. रुग्णाच्या नावाच्या जागी त्यांचंच नाव. स्तनातली गाठ काढली होती, आणि तिचा गोठवलेला तुकडा त्यांनी मागवून घेतला होता.

“अहो मॅडम, हे...”

“सगळं निघालंय. कापलेल्या कडा स्वच्छ आहेत, तिथे कॅन्सर नाही, तसा रिपोर्ट आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांचंच मागत आले. मुलांना फक्त क्रमांक सांगा.”

दुपारी अंधार झाला आणि मुलं ओरडलीच, “मॅडम, पेटलं! अगदी काठापर्यंत हिरवं!”

काठापर्यंत. म्हणजे कापलं त्याच्या पलीकडेही काही राहिलं असणार. मुलांनाही ते कळत होतं. कुणाच्या शरीरात, एवढंच ठाऊक नव्हतं.

“पेढे हवेत, मॅडम!”

“आणा की.”

बाईंनी स्वतः वाटले. मलाही दिला. मी खाल्ला.

“सर्जनना फोटो दाखवा,” मी मागेच लागले.

“दाखवला. लक्ष ठेवू म्हणाले. पण नुसत्या आपल्या रंगावर पुन्हा चिरता येत नाही. बरोबरच आहे हो. एका नमुन्यावर मीसुद्धा विश्वास ठेवला नसता.”

दीड वर्षानं गाठ त्याच जागी आली, तिथून फुप्फुसात गेली. मी डबे पोचवले, रिपोर्ट तारखेप्रमाणे लावले. त्याने काय होणार होतं?

तो फोटो आता आमच्या व्हरांड्यात मोठा करून लावलाय. परवा एक नवी विद्यार्थिनी त्याच्यासमोर बराच वेळ थांबली.

“काय सुंदर आलाय! कुणाचा नमुना हा?”

नोंदवहीतलं नाव बाहेर सांगायचं नसतं.

“होत्या एक बाई,” मी म्हटलं.